परदेशी निघालात? आधी खाऊचा डबा तपासा

पुण्याहून सहलीला निघालेल्यांच्या फजितीचे बरेच किस्से खाऊच्या डब्याशी येऊन थांबतात. त्यात सगळ्यात गोची करते ती खसखस. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस नेण्यावर बंदी आहे. तेव्हा दुबईच्या भाच्यासाठी आईने हौसेने दिलेले अनारसे घरीच खाऊन टाका, वाईट वाटलं तरी. बाकरवडीच्या सारणातही बऱ्याचदा खसखस असते. पाकीट उलटं करून घटक वाचा. घरच्या मसाल्यात काय घातलंय, तेही विचारून घ्या.

लोणचं, तूप, ओला ठेचा हातातल्या बॅगेत नको. 100 मिलिलिटरच्या वरची बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मोठ्या बॅगेत ठेवताना झाकणाखाली प्लास्टिक लावून घट्ट फिरवा, वर झिपची पिशवी, मग जुना टॉवेल.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उतरताना सामानाची माहिती भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे ‘हो’ म्हणाच. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतील. लपवलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. तिळाचे लाडू दाखवायला कसला संकोच!