विक्रीचा आकडा म्हणजे मागणी नव्हे

साठा-नियोजनाच्या कामात मी नवीन होते तेव्हा एका सुट्या भागाची रोजची विक्री माझ्यापुढे आली: १५, १५, १४, १५, १५. मागणी किती स्थिर आहे, असं वाटून मी सरासरी काढली आणि पुढची ऑर्डर त्यावर बेतली. शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं ते बऱ्याच दिवसांनी. रोज सकाळचा साठाही नेमका तेवढाच होता. दुपारीच माल संपायचा आणि नंतर आलेल्या गिऱ्हाइकांची नोंद कुठेच नव्हती. मी मागणी नाही, माझाच साठा मोजत होते. त्यात एखाद्या दिवशी १४ विकले गेले की सरासरी आणखी खाली, ऑर्डरही खाली.

म्हणून विश्लेषण सुरू करण्याआधी विक्रीशेजारी साठ्याचा रकाना लावा आणि माल किती वाजता संपला हेही लिहून ठेवा. साठा शून्यावर आलेल्या दिवसाचा अर्थ एवढाच: मागणी निदान इतकी होती. अशा अर्धवट दिसलेल्या आकड्यांसाठी १९५८ची कॅपलन-मायर पद्धत (‘निदान इतकं’ अशा नोंदीही धरून शक्यतांचा अंदाज काढणारी) सुरुवातीला पुरते. ती शिकायला अवघडही नाही.

खरी अडचण पुढे येते. मागणीची स्थितीच बदलत असते, आणि ती थेट दिसत नाही. समजा, मंदीत रोजची सरासरी मागणी १० आणि तेजीत २० आहे, दोन्हीकडे चढउतार पॉयसाँ वितरणाप्रमाणे (सरासरी ठाऊक असली की प्रत्येक आकड्याची शक्यता देणारं सूत्र). आज कोणती स्थिती आहे हे ठाऊक नाही, म्हणून दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी धरली. १५ नग ठेवले, सगळे गेले. ‘मागणी बरोबर १५’ असं धरून बेझचा नियम (नवी माहिती मिळाल्यावर आधीची शक्यता सुधारण्याचा) लावला तर तेजीची शक्यता जेमतेम ६० टक्के येते. ‘१५ किंवा जास्त’ असं धरलं तर तीच ९१ टक्क्यांवर जाते. हे गणित प्रत्येकाने एकदा हाताने करावंच, सॉफ्टवेअरमध्ये ही चूक दिसत नाही. स्थिती रोज १० टक्के शक्यतेने पालटत असेल, तर उद्यासाठी ९१चे ८३ करायचे (९१चे ९० टक्के अधिक उरलेल्या ९चे १० टक्के), आणि उद्याची विक्री पाहून पुन्हा तेच. मागणीविषयीचा अंदाज नव्या माहितीनुसार असा सुधारत साठा ठरवण्याचं गणित अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट स्कार्फ यांनी १९५९मध्येच मांडलं होतं.

ऑर्डर किती द्यायची याचा पाया साधा आहे: एक नग कमी पडल्याचं नुकसान भागिले ते नुकसान आणि एक नग उरल्याचं नुकसान यांची बेरीज. उत्तर ०.८ आलं, तर ८० टक्के दिवस पुरेल इतका माल ठेवायचा. पण मागणी नीट दिसतच नसेल, तर काही काळ त्याहून थोडा जास्त माल ठेवणं मला योग्य वाटतं, कारण माल उरतो त्याच दिवशी पूर्ण मागणी दिसते. नाशवंत मालात मात्र हे जपून करावं.

त्या सुट्या भागाचा साठा मी २५ केला. पहिल्याच दिवशी २१ गेले आणि ४ उरले. त्या भागाच्या नोंदीत मागणीचा खरा आकडा मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.