नाशिकरोड स्टेशनबाहेरची जागा पादचाऱ्यांसाठी आखताना या चुका टाळा

नाशिकरोड स्टेशन मूळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. पंचवटीला जा, सिडकोला जा नाहीतर सातपूरला, गाडीतून उतरलेल्या बहुतेकांना पुढे बस, रिक्षा किंवा घरच्यांची दुचाकी गाठावीच लागते. स्टेशनच्या दारापासून त्या वाहनापर्यंतची शे-दोनशे पावलं सुखाने चालता येतात का, यावर बाहेरची जागा चांगली की वाईट हे ठरतं. कमान, कारंजं, रोषणाई यांचा विचार त्यानंतर. २०२७चा सिंहस्थ समोर असताना तर या पावलांकडे आधी बघायला हवं.

दिवसाच्या सरासरीवर रुंदी ठरवणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ही. दिवसाला इतके हजार प्रवासी, म्हणजे तासाला इतके, म्हणून फुटपाथ इतका रुंद, असं गणित मांडलं जातं. पण स्टेशनातून माणसं लोंढ्याने बाहेर पडतात. रात्री मुंबईहून पंचवटी एक्सप्रेस येते, फलाट रिकामा होतो आणि सगळे पासवाले एकाच वेळी दाराशी येतात. मग पुढची गाडी लागेपर्यंत जागा मोकळी.

समजा एका गाडीतून ६०० माणसं उतरली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. म्हणजे मिनिटाला १२०. एक मीटर रुंद मोकळ्या वाटेवरून मिनिटाला साधारण ३० ते ५० माणसं धक्काबुक्की न होता जातात. ४० धरली तरी निव्वळ तीन मीटर लागतात. त्यात बॅगा, पोती, कडेवरचं मूल आणि समोरून गाडी पकडायला धावत येणारे मिळवा; चार मीटरच्या खाली भागत नाही. ही रुंदी खांब, विजेची डीपी, कचराकुंडी आणि झाडाचं आळं वगळून मोजायची. नकाशावर चार मीटर असलेला फुटपाथ प्रत्यक्षात दीड मीटर निघतो, तो याच वजाबाकीमुळे.

मोजणी करायची तर गाडी लागल्यापासून दर मिनिटाला किती माणसं बाहेर आली ते टिपा. हे काम इंजिनिअरिंग कॉलेजची मुलंही करू शकतात.

दारासमोरची जागा वाहनांना देणं

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दारातून बाहेर पाऊल टाकताच रिक्षा, त्यामागे सोडायला आलेल्या मोटारी, आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. दोष रिक्षावाल्यांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण जिथे गिऱ्हाईक पहिल्यांदा दिसतं तिथेच रिक्षा उभी राहणार. स्टँड दुसरीकडे न्यायचा असेल तर गिऱ्हाईक तिथपर्यंत आपोआप पोचेल अशी वाट हवी.

क्रम असा लावावा: दाराशी फक्त मोकळी जागा, मग सिटी बसचा थांबा, मग शेअर रिक्षांची रांग, मग मीटरच्या रिक्षा, आणि सगळ्यात लांब पार्किंग. बसकडे जाताना वाहनांची एकही लेन ओलांडावी लागू नये. अपवाद एकच ठेवा: अपंग आणि फार वयस्कर प्रवाशांना उतरवायला दाराजवळ थोडी जागा, पण तिथे गाडी थांबवून ठेवायची परवानगी नको. सोडायला येणाऱ्या गाड्या आणि न्यायला येणाऱ्या गाड्या एकाच रांगेत घेऊ नका. सोडणारा मिनिटात जातो, न्यायला आलेला गाडी उशिरा असेल तर अर्धा तास उभा राहतो. एकाच रांगेत दोघे आले की रांग तुंबते.

रेलिंग लावून माणसं वळवणं

लोक मधूनच रस्ता ओलांडतात, म्हणून रेलिंग लावलं जातं. मग रेलिंगचा एक गज वाकतो आणि त्या फटीतून सगळे जातात. गज दुरुस्त करण्याआधी तिथे उभं राहून बघा, लोक कुठून कुठे चालले आहेत. दार आणि बसथांबा यांच्यातला सरळ रस्ता तोच असतो. क्रॉसिंग तिथेच द्या, आणि ते फुटपाथच्या पातळीला उचलून घ्या, म्हणजे माणसाला उतरावं लागत नाही आणि वाहनाचा वेग आपोआप कमी होतो. रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला दुभाजकावर दोन मीटरची जागा ठेवा, बॅगेसकट माणूस तिथे मावला पाहिजे. पादचारी पूल हा इथला उपाय नाही. सामान घेऊन जिने चढायला कुणी तयार होत नाही.

सावली आणि छप्पर विसरणं, किंवा चुकीच्या जागी देणं

एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो. उघडी फरशी घातली की लोक ती सोडून रिक्षांच्या आणि टपऱ्यांच्या सावलीत, म्हणजे रस्त्यावर उभे राहतात. कडुनिंब, करंज लावा, पण वाटेच्या कडेला एका ओळीत. मधोमध चौथरे बांधून नको.

पावसाची गोष्ट अधिक गंभीर आहे. छप्पर दारावरच संपत असेल तर सरीच्या वेळी पुढचे तिथेच थांबतात आणि मागचे ढकलत राहतात. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले, तेव्हा पावसामुळे लोक पुलावर थांबून राहिले होते आणि गाड्यांमधून माणसं येतच होती. म्हणून छप्पर दारापासून बसथांब्यापर्यंत सलग न्या.

हद्दीपाशी काम थांबवणं

आवार रेल्वेचं, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, सिग्नल आणि कारवाई वाहतूक पोलिसांची. प्रत्येकाचं काम आपापल्या रेषेपर्यंत नीट होतं आणि रेषेवर सहा इंचाची पायरी, उघडं गटार किंवा साखळी राहते. चाकाची बॅग आणि व्हीलचेअर नेमकी तिथे अडते. फलाटापासून बसच्या पायरीपर्यंत एकच नकाशा काढा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि देखभाल कोणाची हे त्याच कागदावर लिहा. फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, उतार १:१२ पेक्षा (बारा फुटांत एक फूट चढ) तीव्र नको. दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्याच्या फरशा खांबाशी नेऊन सोडलेल्या दिसतात; त्या दारापासून थांब्यापर्यंत न तुटता गेल्या पाहिजेत. गुळगुळीत ग्रॅनाइट बाहेर नकोच, पावसात माणसं घसरून पडतात.

विक्रेत्यांना उठवून प्रश्न सुटला असं मानणं

चहा, वडापाव, फुलं, केळी हे प्रवाशांच्या गरजेचं आहे, म्हणून उठवलेले विक्रेते आठवड्यात परत येतात. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असंही म्हटलं आहे. वाटेच्या एका बाजूला त्यांना आखलेली जागा, पाणी आणि दिवा द्या. रात्री उशिरा उतरणाऱ्या बाईला उघड्या टपरीचा उजेड आणि तिथली माणसं यांचा आधार वाटतो. उंच हायमास्टखाली तसा तो वाटत नाही, म्हणून वाटेवर माणसाच्या चेहऱ्यापर्यंत उजेड पोचेल असे कमी उंचीचे दिवे लावा.

फक्त सिंहस्थासाठी आखणं

२००३च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, तेव्हा गर्दीचा विचार हवाच. पण त्यासाठी मोठं मोकळं मैदान करून ठेवलं तर उरलेली वर्षं ते पार्किंगच होतं. काढता येणारे बोलार्ड, म्हणजे वाहनं अडवणारे बुटके खांब, बसवा, दोन बोलार्डमध्ये १.२ मीटर अंतर ठेवा म्हणजे व्हीलचेअर जाते आणि मोटार जात नाही. पर्वणीच्या दिवसांत ते काढा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या गर्दीच्या वाटा वेगळ्या करा, नंतर परत लावा.

आणि हे सगळं थेट सिमेंटमध्ये ओतू नका. आधी रस्त्यावर रंग मारून आणि बॅरिकेड लावून महिनाभर चालवून बघा. सकाळच्या मुंबईच्या गाडीला, रात्रीच्या परतीच्या गाडीला आणि एकदा मुसळधार पावसात तिथे उभं राहून परत मोजा. जे जुळलं नाही ते रंग पुसून बदला, आणि निविदा त्यानंतर काढा.