गटचर्चेचं कोडिंग जुळेना, तेव्हा

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी सोलापुरातल्या बी.एड.च्या मुलांची व्हॉट्सॲपवरची गटचर्चा घेतली, रीतसर संमतीने. विषय: उजनी धरण भरलेलं असताना नळाला रोज पाणी का नाही? (यावर सोलापूरकराला बोलतं करावं लागत नाही.) वर्गीकरणाला गुणवर्धना आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं प्रारूप; ऑनलाइन चर्चेतून ज्ञान कसं घडतं ते माहितीच्या देवाणघेवाणीपासून पुढे पाच टप्प्यांत मांडणारं.

मी आणि मैत्रिणीने वेगवेगळं कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक संदेश कुठल्या टप्प्याचा ते ठरवलं. जुळणीची टक्केवारी झकास, कोहेनचा कप्पा (kappa, योगायोगाने होणारी जुळणी वगळून उरलेली जुळणी मोजणारा आकडा) मात्र अगदीच खाली. कारण साधं आहे. उदाहरणादाखल खाने दोनच धरा, ‘माहिती’ आणि ‘इतर’. दोघींनी ९० टक्के संदेश ‘माहिती’त टाकले, तर निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के जुळतात, मग ८५ टक्के जुळणीलाही कप्पा ०.१७ च येतो.

खरी गोम संदेशातच होती. ‘बरोबर आहे, पण धरणात पाणी असून काय उपयोग, पाइपलाइनच पुरत नाही. आमच्याकडं मोटर लावल्याशिवाय वर चढत नाही.’ यात होकार, मतभेद, स्वानुभव, सगळंच! कोड कुठला द्यायचा?

म्हणून आधी संदेशांचे विचारागणिक तुकडे पाडले, तेही दोघींनी स्वतंत्रपणे, आणि ते जुळल्यावरच कोड दिले. ज्याला उत्तर दिलंय तो संदेश शेजारच्या रकान्यात ठेवला. कप्पा सुधारला. नुसत्या अंगठ्याच्या इमोजीचे संदेश वेगळ्या खान्यात टाकलेत. सरांना ते अजून पटलेलं नाही.