उधारीच्या भरवशावर माणसं भरताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात माझी अर्धी हयात गेली. मालक बदलतात, चूक तीच. मोठी ऑर्डर आली की त्याच आठवड्यात भरती. पगार कुठून देणार विचारलं, तर म्हणे, "पत्रेवाला 60 दिवस थांबतो ना!"

थांबतो, कारण आज त्याला थांबायला जमतंय.

अंबडमधल्या एका प्रेस शॉपचं, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्याचं सांगतो. महिन्याला 12 लाखांचा पत्रा, मुदत 60 दिवस. म्हणजे व्यापाऱ्याचे 24 लाख कायम यांच्याकडे फिरत. त्या जोरावर मालकाने दुसरी पाळी काढली, आठ माणसं घेतली. पीएफ, ईएसआय धरून महिन्याला दीड लाख. "भाऊ, दीड लाखाचं काय एवढं!" चार महिने खरंच काही वाटलं नाही. मग व्यापाऱ्याचा फोन आला: पुढच्या बिलापासून 30 दिवस. दोन महिन्यांत 12 लाख जास्तीचे उभे करायचे, म्हणजे त्या आठ जणांचा आठ महिन्यांचा पगार. गिऱ्हाईक मात्र 75 दिवसांनीच पैसे सोडणारं. 7 तारखेचा पगार 19 ला झाला. सोडून कोण गेलं? नवा एकही नाही. प्रेसवर डाय (साचा) बसवणारा बारा वर्षांचा जुना सेटर गेला, सिन्नरच्या एका कंपनीने उचलला. प्रेस होते, ऑपरेटर होते, डाय लावायला कोणी नव्हतं. मुदत आखडली तर काय, हे मीही आधी मांडून दाखवलं नव्हतं. ते अजून टोचतं.

आता भरतीचं नाव निघालं की मी पाठकोऱ्या कागदावर उधारीचे दिवस निम्मे करून लिहितो. तरीही तीन महिन्यांचे पगार निघत असले तरच हो म्हणतो. नाहीतर ओव्हरटाइम द्या. दुप्पट दराने पडतो, पण ऑर्डर आटली की थांबवता येतो. नव्याने कारखाना काढलेल्या पोरांना हे पटत नाही. त्यांना पहिल्या वर्षीच दोन पाळ्या हव्या असतात.

सगळा माल एकाच व्यापाऱ्याकडून उचलू नका.

पीएफचे पैसे पुरवठादाराला फिरवू नका. 1961 च्या आयकर कायद्यात, म्हणजे मार्च 2026 पर्यंत, 15 तारीख चुकली की कामगारांच्या पगारातून कापलेला हिस्सा खर्चात धरता येत नव्हता, नंतर भरला तरी.

लहान पुरवठादाराचं बिल 45 दिवसांत द्यायचं, हा नियम सगळ्यांना सारखा समजू नका. लेखी करार नसेल तर 15 च दिवस. सरकारी उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कोटिंगवाल्याचं बिल मुदतीपलीकडे थकवलं, तर आयकर कायद्याप्रमाणे तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी धरला जातो. म्हणजे मार्चअखेर थकलेल्या बिलावर आधी कर भरा. पत्र्याचा निव्वळ व्यापारी यात येत नाही, म्हणून लोक त्याला ताणतात आणि मग तो मुदत कापतो.

आणि ठेकेदाराकडून माणसं घेतली की सुटलो, असं वाटणारे भेटतात. अहो, तोही पुरवठादारच. त्याची दोन बिलं थकवून बघा, सकाळी गेटवर फक्त वॉचमन दिसेल.