कादंबरीतली माणसे आणि त्यांची नाती कशी वाचावीत

अभिजात कादंबरी हाती घेतली की अनेक वाचक आधी वंशावळ मांडतात. त्यात गैर काही नाही. पण वंशावळीतून फक्त नात्याचे नाव कळते, नाते कळत नाही. ते कळते कोण कोणाचे काय देणे लागतो यावरून. म्हणून वहीत प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याने कोणाकडून काय घेतले, कोणाला काय दिले आणि काय नाकारले, हे पृष्ठांकासह टिपावे.

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) या रीतीने जरूर वाचावी. वंशावळीपुरते पाहिले तर देवयानी ही ययाति राजाची राणी आणि शर्मिष्ठा तिची दासी. पण शर्मिष्ठा ही राक्षसांचा राजा वृषपर्वा याची मुलगी, म्हणजे जन्माने राजकन्या. देवयानीशी विहिरीजवळ झालेल्या भांडणानंतर तिचे वडील आणि राक्षसांचे गुरू शुक्राचार्य यांचा कोप आपल्या कुळावर ओढवू नये म्हणून तिने दास्य पत्करले. तेव्हा ती सेवा करते ती देवयानीची, पण देणे फेडते ते कुळाचे, हे ध्यानात आले की त्या दोघींमधला प्रत्येक संवाद निराळा ऐकू येतो. देवयानी आणि ययाति यांच्या संसाराचेही तसेच आहे. ययातीने तिला विहिरीतून हात देऊन वर काढले, आणि धरलेल्या त्या हाताच्या आधारावर हे लग्न उभे आहे. मात्र त्याआधी कचाने, म्हणजे तिच्या वडिलांच्या शिष्याने, तिला नाकारलेले आहे. नवराबायकोच्या भांडणात हा तिसरा माणूस समोर नसतानाही हजर असतो, म्हणून अशा पात्राची नोंद त्या दोघांच्याही पानांवर करावी.

या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतःच सांगतात. एकच प्रसंग दोघांनी सांगितला असेल, तर दोन्ही हकीकती शेजारच्या रकान्यांत लिहाव्यात आणि कोणी काय गाळले ते पाहावे. कोण खरे बोलतो याचा निवाडा करण्याची घाई नको. गाळलेल्या गोष्टीतच पात्राची दुखरी नस बहुधा सापडते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला (१९५५) मात्र वंशावळ जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथली नाती कामातून जुळतात. गावातल्या शेकूला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको स्वतः औताला जुंपून घेते. त्या जोडप्याविषयी याहून अधिक काही सांगावे लागत नाही. आटपाडी आणि औंध ही नावे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, अशा सांगली-साताऱ्याच्या वाचकांना एक फायदा आहे. आटपाडीचा मुलूख औंध संस्थानात होता हे त्यांना ठाऊक असते, त्यामुळे तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात तेव्हा गावाचे आणि दरबाराचे नाते त्यांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

‘बनगरवाडी’चा निवेदक मास्तर बाहेरून आलेला आहे, हेही विसरू नये. गावकरी त्याला जेवढे दाखवतात तेवढेच आपल्याला दिसते. ‘ययाति’तल्या कचाबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण तो निवेदक नाही, त्याच्याविषयीच्या प्रत्येक नोंदीपुढे ती कोणाच्या तोंडची आहे, हे कंसात लिहून ठेवावे.