मार्कचं शुभवर्तमान अभ्यासताय? या चुका टाळा

मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या येशूच्या चार वृत्तांतांपैकी एक, सोळा अध्यायांचं आहे. चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान. मोठ्याने, सावकाश वाचलं तरी दोनेक तासांत संपतं. तरी अभ्यासगटात नवीन आलेल्यांना मी विचारते, "हे एका बैठकीत सलग कुणी वाचलंय का?" तेव्हा एखादा हात वर होतो, कधी तोही नाही. मार्कवरची भाषणं मात्र सगळ्यांनी ऐकलेली असतात. मोबाइलवर रोज एक वचन, म्हणजे त्यातली आकडा घातलेली एक ओळ, येत असतं. 'या वचनाचा खरा अर्थ' सांगणारे तीन मिनिटांचे व्हिडिओ तोंडपाठ असतात. फक्त मूळ गोष्ट वाचायची राहून गेलेली असते.

ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका हिच्यातूनच निघतात. माझ्या गटात पहिल्या वाचनाला पेन्सिल चालत नाही, वही चालत नाही, टीपा उघडायच्या नाहीत. मोठ्याने वाचायचं, पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत. ज्या काळात हे लिहिलं गेलं त्या काळात बहुतेकांना वाचता येत नव्हतं. एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. कानासाठी रचलेली गोष्ट आधी कानानेच घ्यायला हवी.

सलग वाचल्यावर काय हाती लागतं, त्याचा एक नमुना देते. आठव्या अध्यायात बेथसैदाला एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, मग त्याला स्वच्छ दिसतं. दोन टप्प्यांत बरं होण्याची अशी गोष्ट चारही शुभवर्तमानांत दुसरी नाही. एकटी वाचली तर हे काय, पहिल्यांदा का जमलं नाही, एवढाच प्रश्न पडतो. पण लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि येशू स्वतःच्या दुःखसहनाबद्दल बोलायला लागताच हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्रालाही दिसतंय, पण अजून झाडांसारखंच.

तिथून दहाव्या अध्यायापर्यंत येशू तीनदा आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्य चुकतात. दुसऱ्या वेळेनंतर आपल्यात मोठा कोण यावर त्यांचा वाद होतो. तिसऱ्यानंतर याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताची जागा मागतात. येशू त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? तोच अध्याय संपता संपता यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयालाही तो तेच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? तो म्हणतो, मला दिसावं. एकच प्रश्न, पंधरा वचनांच्या अंतरात. त्या दोघांनी जागा मागितली, याने दृष्टी. दोन आंधळ्यांच्या मधे हा सगळा प्रवास बसवलेला आहे. रोज एक वचन वाचणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, कितीही वर्षं वाचलं तरी.

अध्यायांच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. हे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूने पाडले आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. मार्कने यातलं काहीच केलेलं नाही. नवव्या अध्यायाचं पहिलं वचन खरं तर आठव्याच्या शेवटच्या बोलण्याचा भाग आहे. तिथे कापलं की दोन्हीकडचे धागे सुटतात.

आता ज्या चुकीचा मला खरा राग येतो, तिच्याबद्दल.

वचन तोडून काढणं. आजूबाजूचं काही न बघता एक ओळ उचलायची आणि समोरच्याच्या आयुष्याला लावायची. आमच्या गटात एक काकू यायच्या. त्यांचा तरुण मुलगा कित्येक महिने आजारी राहून गेला होता. त्या फारसं बोलायच्या नाहीत, पण एकही बैठक चुकवायच्या नाहीत. त्याच सुमारास एक तरुण नव्याने आला. हुशार होता, वाचायची भूक होती, पण घाई फार. दीड महिन्यात त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक वचन तयार होतं. एका संध्याकाळी प्रार्थनेचा विषय निघाला आणि त्याने अकराव्या अध्यायाचं चोविसावं वचन म्हटलं: प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते तुम्हाला मिळेल. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. तो काकूंकडे वळून म्हणाला, "काकू, म्हणजे कुठेतरी विश्वास कमी पडला असणार."

मी गट चालवत होते. मी त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. शब्द सापडेपर्यंत काकूंनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं होतं. पुढचे तीन महिने त्या आल्या नाहीत.

त्या वचनाच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. येशू यरुशलेमात येतो, मंदिरात जाऊन सगळीकडे नजर फिरवतो आणि संध्याकाळ झाली म्हणून निघतो. दुसऱ्या दिवशी वाटेत पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं, पण फळ नाही. तो त्याला शाप देतो. मग मंदिरात जाऊन पैसे बदलणाऱ्यांचे चौरंग उलथतो आणि यशया संदेष्ट्याचे शब्द काढतो, हे सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच झाड मुळापासून वाळलेलं दिसतं. त्यावर पेत्र बोलतो आणि तेव्हा हे प्रार्थनेचं वाक्य येतं. मार्क एक गोष्ट अर्ध्यावर सोडतो, मधे दुसरी सांगतो आणि मग पहिली पुरी करतो. हा त्याचा ठेकाच आहे. याईराची मुलगी आणि बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई, या गोष्टीही त्याने अशाच एकीत एक गुंफल्या आहेत, आणि ती मुलगीही बारा वर्षांचीच. म्हणून मधली गोष्ट बाहेरच्या गोष्टीच्या उजेडात वाचायची. अंजिराचा हंगाम नव्हता असं मार्क स्वतः सांगतो. झाडावर अन्याय झाला का, यावर तासभर वाद घालणारे भेटतात आणि मधल्या मंदिराकडे त्यांचं लक्षच गेलेलं नसतं. भरगच्च पानं, फळ नाही: हे मंदिराबद्दल चाललंय.

म्हणजे प्रार्थनेचं ते वाक्य प्रार्थनेचं घर बिघडल्याच्या गोष्टीला लागून आलेलं आहे. आणि त्याच्या लगेच पुढचं पंचविसावं वचन म्हणतं, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. हे वचन त्या तरुणाला पाठ नव्हतं. आणखी एक गोष्ट मराठीत हमखास निसटते. आपल्याकडे 'तुम्ही' एकट्या वडीलधाऱ्या माणसालाही चालतं. मूळ ग्रीकमध्ये तिथे अनेकवचन आहे. येशू शिष्यांच्या घोळक्याशी बोलतोय. एकट्या आईच्या विश्वासाला माप लावायला ते वाक्य दिलेलंच नाही.

काकू परत आल्या तेव्हा आम्ही चौदाव्या अध्यायापर्यंत पोचलो होतो. गेथशेमाने, अटकेआधी येशू प्रार्थना करतो ती जागा. येशू जमिनीवर पडून म्हणतो, अब्बा, म्हणजे बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझी इच्छा नको, तुझीच होवो. काकूंनी ते वचन पुन्हा वाचायला सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "याला कुणी म्हणालं का, तुझा विश्वास कमी पडला?" तो तरुण त्या दिवशी त्यांच्या शेजारीच बसला होता. नंतर त्याने त्यांची माफी मागितली.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: कुणी वचन म्हणून दाखवलं की आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. आणि एखादा नियम सापडलाय असं वाटलं की त्याच शुभवर्तमानात त्याला प्रश्न विचारणारी जागा शोधायची. विश्वासावर मोठी वाक्यं आहेत, तशी नवव्या अध्यायातल्या बापाची आरोळीही आहे: विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. त्याच्या मुलाला येशू बरं करतो.

आणखी एक चूक म्हणजे चारही शुभवर्तमानांची सरमिसळ. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, फक्त मत्तयात आहेत, मेंढपाळ फक्त लूकमध्ये, आणि मार्कमध्ये जन्माची गोष्टच नाही. मागी तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही, भेटवस्तू तीन होत्या.

सरमिसळीचं सगळ्यांत मोठं नुकसान एका बाईचं झालं आहे. मार्कच्या चौदाव्या अध्यायात, बेथानीत शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी, एक अनामिक स्त्री येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते. लूकच्या सातव्यात एका परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या, घरी एक पापी स्त्री त्याचे पाय आसवांनी भिजवते. योहानाच्या बाराव्यात बेथानीचीच मरीया पायांना तेल लावते. या तिघींमध्ये येशूची अनुयायी मग्दालीया मरीया कुठेच नाही. पण ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात लूकमधली पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया यांना एकच केलं, आणि पुढे शतकानुशतकं मग्दालीयेच्या माथी वेश्येचा शिक्का बसला. शुभवर्तमानात तसा एक शब्द नाही. मार्कमध्ये ती क्रुसावरचं मरण दुरून पाहणारी आहे, येशूची कबर पाहून ठेवणारी आहे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिथे जाणारी आहे. चार कागद घ्या आणि चारही शुभवर्तमानांतले वृत्तांत वेगवेगळे लिहा: जागा, वेळ, माणसं, कोण काय बोललं. अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसेल तर तुलनेच्या भानगडीत पडू नका, एकाच शुभवर्तमानाला धरून राहा.

परूशी आणि शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे जाणकार, हे खलनायकच, असं धरून वाचू नका. बाराव्या अध्यायात एक शास्त्री सर्वांत मोठी आज्ञा विचारतो, येशू 'हे इस्राएला, ऐक' इथून सुरुवात करतो, दोघांचं एकमत होतं आणि येशू त्याला सांगतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. येशू यहुदी होता, शिष्य यहुदी होते, हे वाद घरातले होते. ते विसरून केलेल्या वाचनाने पुढे यहुद्यांवर फार भयंकर गोष्टी ओढवल्या आहेत. हे मी गटात दरवर्षी सांगते.

नकाशा उघडा. गालीलचा समुद्र म्हणजे सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद असं गोड्या पाण्याचं सरोवर. 'पलीकडे जाऊ' म्हणजे दकापलीसच्या परराष्ट्रीय मुलखात. म्हणून पाचव्या अध्यायात, यहुद्यांना डुक्कर निषिद्ध असूनही, तिथे डुकरांचा कळप आहे.

पैसे समजून घ्या. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मग दोनशे दीनारांच्या भाकरींवर शिष्य का दचकले आणि तीनशे दीनारांच्या तेलावर लोक का चिडले, ते आपोआप कळतं.

जुन्या कराराचे संदर्भ वगळू नका. क्रुसावरची आरोळी स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा.

दाखल्यांतल्या, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथांतल्या, प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ चिकटवू नका. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा उलगडा येशू स्वतः करतो, तेवढा पुरे. त्याच चौथ्या अध्यायात, फक्त मार्कमध्येच, एक छोटा दाखला आहे: माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. 'महिन्याभरात शुभवर्तमान समजून घ्या' असं काही हातात घेऊन जे येतात, त्यांच्याकडून मी ही चार वचनं हाताने लिहून घेते.

आणि शेवटच्या पानावरची तळटीप वाचा. सोळाव्या अध्यायाची ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या जुन्या हस्तलिखितांत नाहीत. तिथे मार्क आठव्या वचनावर थांबतो: स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. नवशिके इथे घाबरतात, किंवा हा भाग लपवायचा असतो असं समजून भराभर पुढे जातात. मी उलट करते. आठव्या वचनावर थांबते, पुस्तक मिटायला सांगते आणि दहा मिनिटं कुणालाच बोलू देत नाही. त्याच्या आधीच्या वचनात कबरेत बसलेल्या पांढऱ्या झग्यातल्या तरुणाने त्या स्त्रियांना सांगितलेलं असतं, येशू तुमच्यापुढे गालीलात जातो आहे, तिथे तुम्हाला दिसेल. म्हणून पुढच्या बैठकीचं वाचन मी तेव्हाच सांगून ठेवते: अध्याय पहिला, वचन चौदा, येशू गालीलात येतो तिथून.