किरणोत्साराची गणितं अडतात ती इथे : या चुका टाळा

युरेनिअम-२३८ चं शिसं-२०६ होईपर्यंत अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) किती आणि बीटा कण (इलेक्ट्रॉन) किती बाहेर पडतात? बारावीच्या वह्या तपासताना या गणितात एकच चूक हमखास सापडते. मुलं आधी अणुअंकांची, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्यांची, वजाबाकी करतात. ९२ वजा ८२, झाले १०. एका अल्फाबरोबर दोन प्रोटॉन जातात, म्हणून अल्फा पाच. मग वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांची बेरीज, काही केल्या जुळत नाही आणि खाडाखोड सुरू होते.

सुरुवात वस्तुमानांकापासून करा. बीटामुळे तो बदलत नाही, अल्फामुळे मात्र दर वेळी चारने घटतो. २३८ वजा २०६ म्हणजे ३२, म्हणून अल्फा आठ. आठ अल्फा गेल्यावर अणुअंक १६ ने उतरून ७६ व्हायला हवा, पण शिशाचा तर ८२. हे वरचे सहा म्हणजेच सहा बीटा.

इथे चांगली मुलंसुद्धा अडखळतात : इलेक्ट्रॉन बाहेर गेला, मग अणुअंक वाढला कसा? कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कक्षेतला इलेक्ट्रॉन असतो. बीटा तिथून येत नाही. केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्याच क्षणी इलेक्ट्रॉन जन्मून बाहेर फेकला जातो, सोबत अँटिन्यूट्रिनो नावाचा एक अतिसूक्ष्म कण. थोरिअम-२३४ चं प्रोटॅक्टिनिअम-२३४ होतं ते असंच, ९० चे ९१. समीकरणात बीटाच्या खाली उणे एक लिहा. ९० बरोबर ९१ वजा १, हिशेब पटतो. गॅमा किरण म्हणजे नुसती ऊर्जा, त्यामुळे दोन्ही अंक जसेच्या तसे राहतात.

अणूच्या या बदलाला ‘क्षय’ म्हणतात, त्या शब्दानेही बराच घोळ केलाय. क्षय झाला म्हणजे पदार्थ झिजून नाहीसा झाला, असं वाटतं. प्रत्यक्षात नवं मूलद्रव्य मागे उरतं. रेडिअम-२२६ या धातूपासून रेडॉन-२२२ हा वायू होतो आणि तोही किरणोत्सारी असतो. म्हणून ‘क्षय झाला, आता धोका नाही’ असं उत्तर लिहू नका.

अर्धायुष्याचं, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणाऱ्या काळाचं, तसंच. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. १६ दिवसांत सगळं संपेल, असं लिहिणारे दर बॅचला भेटतात. मी त्यांना शंभर नाणी उधळायला लावते. छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उधळायची. पन्नासच्या आसपास, मग पंचवीसच्या, मग बारा-तेरा. चौथ्यांदा हातात आलेल्या नाण्याला आपण तीनदा वाचलो हे ठाऊक नसतं, त्याची शक्यता पुन्हा निम्मीच. अणू म्हातारा होत नाही, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. १६ दिवसांनी पाव भाग उरतो, २४ दिवसांनी आठवा.

शेवटची चूक बाजारात ऐकू येते : लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला (टिकण्यासाठी किरणांखालून नेलेला) कांदा किंवा आंबा किरणोत्सारी होतो म्हणे. तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मालातून आरपार जातात, कोबाल्ट मालाला लागत नाही. त्या किरणांची ऊर्जा कांद्याचे कोंब रोखते, केंद्रकं बदलायला ती पुरत नाही. बदलतो तो कोबाल्ट. त्याचं निकेल-६० होत राहतं, सव्वापाच वर्षांत निम्मा उरतो, आणि म्हणून अशा केंद्रांना वेळोवेळी नवा कोबाल्ट भरावा लागतो.